टाकीत माणूस उतरू नये यासाठी : औद्योगिक टाक्यांच्या अंतर्गत स्वच्छतेची फवारा-रचना

बेंगळुरूच्या आग्नेय भागात होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान वसलेली एचएसआर लेआउट ही वसाहत आज नवउद्योगांच्या कार्यालयांसाठी ओळखली जाते. तिच्या नावातील आद्याक्षरेही या दोन रस्त्यांवरूनच आली आहेत. याच परिसरातील सोमसुंदरपाळ्य येथे जानेवारी २०१८ मध्ये एका निवासी संकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मरण पावले. येथून काही किलोमीटर अंतरावर, शहरातील एका चौकाला ‘डेअरी सर्कल’ हे नाव मिळवून देणारी दूध डेअरी आहे. अशा डेअऱ्यांमध्ये दूध साठवण्याच्या उंच पोलादी टाक्या नित्यनेमाने आतून धुतल्या जातात. क्षार, आम्ल आणि गरम पाणी यांचा वापर होतो, झाकण बंद असते आणि कोणीही आत उतरत नाही.

दोन्ही टाक्यांना लागू होणारे भौतिकशास्त्राचे नियम एकच आहेत. फरक इतकाच की, दुधाच्या टाकीचा आराखडा कागदावर काढला जात असतानाच ती धुणार कशी हे ठरलेले असते. निवासी संकुलाच्या टाकीबाबत हा प्रश्न बहुधा ती तुंबल्यानंतर विचारला जातो, आणि तोपर्यंत माणूस उतरवण्याखेरीज दुसरा मार्ग शिल्लक राहिलेला नसतो. म्हणूनच टाकीच्या आतील भागाची फवाऱ्याने स्वच्छता हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा नाही. औद्योगिक सुरक्षा, नागरी स्वच्छता आणि सामाजिक न्याय या तिन्ही विषयांशी तो निगडित आहे.

स्वच्छतेचे चार घटक

पृष्ठभागावरील घाण सुटण्यासाठी चार गोष्टी एकत्र काम करतात : रसायन, तापमान, काळ आणि यांत्रिक बल. हर्बर्ट सिनर या जर्मन तज्ज्ञाने १९५९ मध्ये हे चार घटक एका वर्तुळाच्या स्वरूपात मांडले. वर्तुळाचा एक भाग लहान झाला तर उरलेल्यांपैकी एखादा मोठा करावा लागतो, हा त्याचा आशय. पाणी थंड असेल तर वेळ जास्त लागेल. रसायन वापरता येत नसेल तर झोताचा मार वाढवावा लागेल.

दुधाच्या टाकीत हे उत्तम रीतीने पाहता येते. प्रथम कोमट पाण्याने सुटे दूध धुऊन काढतात. त्यानंतर सुमारे १ ते १.५ टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण ७० ते ८० अंश सेल्सियसला फिरवतात. त्याने स्निग्धांश आणि प्रथिने सुटतात. तापवलेल्या दुधातील कॅल्शियम फॉस्फेटचा जो कठीण थर बसतो, ज्याला ‘दुधाचा दगड’ म्हणतात, त्यावर मात्र सोडा निष्प्रभ ठरतो. तो विरघळवण्यासाठी नायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण लागते. शेवटी निर्जंतुकीकरण केले जाते. टाकी न उघडता, नळ्या न सोडवता होणाऱ्या या प्रक्रियेला ‘जागच्या जागी स्वच्छता’ म्हणतात आणि कारखान्यांतून तिचा उल्लेख ‘सीआयपी’ असाच होतो. येथे रसायन आणि तापमान यांचा वाटा मोठा असल्यामुळे फवाऱ्याकडून फारसा मार अपेक्षित नसतो. द्रावण सर्वत्र पोहोचवणे हेच त्याचे मुख्य काम.

सांडपाण्याच्या टाकीत हे गणित उलटे होते. तेथे गरम द्रावण फिरवणे परवडत नाही आणि तीव्र रसायनांमुळे प्रक्रिया करणारे जिवाणू मरतात. साहजिकच सगळा भार यांत्रिक बलावर येऊन पडतो.

झोताचे गणित

तोटीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. नळीतील आणि तोटीतील घर्षण वगळल्यास २ बार दाबाला तो सेकंदाला सुमारे २० मीटर, ५ बारला सुमारे ३२ मीटर आणि १०० बारला सुमारे १४१ मीटर भरतो. भिंतीवर लंब आदळणाऱ्या झोताचे बल म्हणजे दर सेकंदाला येणारे पाण्याचे वस्तुमान गुणिले त्याचा वेग. ६ मिलिमीटर व्यासाच्या तोटीतून ५ बार दाबाने मिनिटाला साधारण ५४ लिटर पाणी बाहेर पडते आणि त्याचा मार सुमारे २८ न्यूटन, म्हणजे ३ किलोग्रॅमच्या वजनाइतका असतो.

तोटी तीच ठेवून दाब दुप्पट केला तर बल दुप्पट होते, पाणी मात्र १.४ पटच लागते. तोटीचा व्यास दुप्पट केला तर बल आणि पाणी दोन्ही चौपट होतात. यावरून दाब वाढवणे नेहमीच शहाणपणाचे, असा निष्कर्ष निघू शकतो आणि बाजारातील पुष्कळशी खरेदी याच समजुतीवर होते. पण पंपाची शक्ती लक्षात घेतली की चित्र बदलते. १० किलोवॉट जलशक्ती १०० बारला वापरली तर मिनिटाला ६० लिटर पाणी मिळते आणि बल सुमारे १४१ न्यूटन असते. तीच शक्ती ५ बारला वापरली तर मिनिटाला १,२०० लिटर पाणी मिळते आणि एकूण बल सुमारे ६३२ न्यूटनपर्यंत जाते. म्हणजे समान शक्तीत एकूण मार कमी दाबाला अधिक. उच्च दाबाचा लाभ असा की तो मार लहानशा जागेवर एकवटतो आणि पाणी वाचते.

अंतर हा दुसरा मुद्दा. हवेतून जाताना झोत फुटत जातो आणि बारीक झोत जाड झोताच्या आधी फुटतो. अतिशय दाबाने बारीक छिद्रातून सोडलेले पाणी काही अंतरावर तुषार होऊन जाते आणि भिंतीला केवळ भिजवते. त्यामुळे मोठ्या व्यासाच्या टाकीत मध्यम दाब आणि रुंद तोटी, तर जवळून खरवडण्यासाठी उच्च दाब आणि बारीक तोटी, अशी निवड केली जाते.

फवाऱ्याचे तीन प्रकार

सर्वांत साधा म्हणजे स्थिर फवारा-गोळा. छिद्रे पाडलेला हा पोकळ पोलादी गोळा टाकीच्या माथ्याजवळ बसवतात. १ ते २.५ बार दाबाचे पाणी भिंतीच्या वरच्या भागावर पडते आणि तेथून पातळ पडद्यासारखे खाली वाहते. त्यामुळे येथे हिशेब क्षेत्रफळापेक्षा परिघाचा करतात : उभ्या टाकीसाठी परिघाच्या प्रत्येक मीटरला मिनिटाला सुमारे ३० लिटर, हा प्रचलित ठोकताळा आहे. २.५ मीटर व्यासाच्या टाकीचा परिघ ७.८५ मीटर, म्हणून मिनिटाला सुमारे २३५ लिटर, म्हणजेच ताशी १४ घनमीटर क्षमतेचा पंप लागेल. प्रवाह यापेक्षा बराच कमी झाला की पडदा फाटतो, पाण्याचे ओघळ बनतात आणि ओघळांमधील पट्टे कोरडे राहतात. दाब अवाजवी वाढवला तर धुके तयार होते आणि परिणाम अधिकच बिघडतो. गोळ्यात हलणारा भाग नसल्याने बिघाड कमी. परंतु छिद्रात एखादा कण अडकला तर त्याच्या समोरचा पट्टा रोज न धुतलेला राहतो आणि बाहेरून ते कोणाच्याही ध्यानात येत नाही. गोळ्यापूर्वी गाळणी बसवणे म्हणूनच अनिवार्य मानले जाते.

दुसरा प्रकार फिरत्या शीर्षाचा. पाण्याच्याच जोराने ते स्वतःभोवती फिरते आणि भिंतीवर लागोपाठ फटके मारते. स्थिर गोळ्याच्या तुलनेत पाणी कमी लागते आणि मार थोडा अधिक मिळतो.

तिसरा आणि सर्वांत प्रभावी प्रकार म्हणजे दोन अक्षांवर फिरणारे झोत-शीर्ष. आत येणाऱ्या पाण्यावर एक लहान चक्र फिरते. त्याच्या दातेरी चाकांमुळे शीर्षाचा सांगाडा एका अक्षाभोवती आणि तोट्या दुसऱ्या अक्षाभोवती फिरतात. परिणामी झोताची रेघ टाकीच्या आतील भिंतीवर लोकरीच्या गुंड्यावरील धाग्यासारखी गुंडाळली जाते. पहिल्या फेरीत रेघा विरळ असतात, पुढच्या प्रत्येक फेरीत त्यांच्यामधील जागा भरत जातात. हे चक्र अर्ध्यावर थांबवल्यास न धुतलेले पट्टे ठराविक नक्षीत शिल्लक राहतात. धुण्याची वेळ ठरवताना ‘पाणी स्वच्छ दिसू लागले’ हा निकष येथे चालत नाही, पूर्ण चक्र मोजावे लागते.

सावली, निचरा आणि निर्वात

झोत सरळ रेषेत जातो. त्याच्या वाटेत ढवळणीचा दांडा, अडसर-पट्ट्या, आत उतरणाऱ्या नळ्या किंवा शिडी आली की त्यांच्या मागे पाण्याची सावली पडते. औषधनिर्मिती उद्योगात ही सावली शोधण्यासाठी एक सुबक चाचणी वापरतात. टाकीच्या आत रायबोफ्लेविन, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या गटातील एक पदार्थ, सौम्य द्रावणाच्या रूपात फवारतात. नंतर नेहमीप्रमाणे टाकी धुऊन आत अतिनील प्रकाश टाकतात. जेथे पाणी पोहोचले नाही तेथे पिवळसर हिरवी चमक दिसते. अशा वेळी एका मोठ्या फवाऱ्याऐवजी दोन लहान फवारे अडथळ्याच्या दोन बाजूंना बसवणे हा सामान्यतः योग्य उपाय ठरतो.

फवाऱ्याइतकाच निचरा महत्त्वाचा आहे. पाणी जितक्या वेगाने येते त्याहून अधिक वेगाने बाहेर गेले पाहिजे. तळाशी तळे साचले तर झोत तळापर्यंत पोहोचतच नाही आणि सर्वाधिक गाळ असलेली जागाच अस्पर्शित राहते. तळाला उतार आणि सर्वांत खालच्या बिंदूला निर्गमद्वार, इतकी साधी बाब पुष्कळ टाक्यांत दुर्लक्षित असते.

गरम धुलाईनंतर लगेच थंड पाणी फवारण्याचा धोका वेगळाच. ८० अंशाला टाकीतील संपृक्त हवेत बाष्पाचा दाब सुमारे ०.४७ बार असतो, तर ३० अंशाला तो जेमतेम ०.०४ बार राहतो. थंड पाणी पडताच बाष्प द्रवरूप होते आणि टाकीत निर्वात निर्माण होतो. आतील दाब बाहेरच्यापेक्षा केवळ ०.१ बारने कमी झाला तरी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १ टन भार येतो. आतून येणाऱ्या दाबाला समर्थपणे तोंड देणारी पातळ पत्र्याची टाकी अशा वेळी बाहेरून चेपली जाते. बिअरच्या किण्वन-टाकीत तर तापमान न बदलताही हे घडते, कारण कॉस्टिक सोडा टाकीतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. पुरेशा व्यासाचे आणि न तुंबणारे श्वसनद्वार हा म्हणूनच फवारा-रचनेचाच भाग मानावा लागतो.

डिसेंबर १९६९ : तीन जहाजांचा धडा

पाण्याच्या फवाऱ्याने आग लागू शकते ही कल्पना विचित्र वाटेल. परंतु डिसेंबर १९६९ मध्ये ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ आणि ‘काँग हाकोन सातवा’ या तीन महाकाय तेलवाहू जहाजांवर एकाच महिन्यात स्फोट झाले आणि तिन्ही वेळा रिकाम्या टाक्या पाण्याच्या शक्तिशाली झोतांनी धुण्याचे काम सुरू होते. ‘मार्पेसा’ बुडाले. वेगवान झोत भिंतीवर आदळून फुटतो तेव्हा विद्युतभारित तुषारांचे धुके तयार होते. टाकीत तेलाची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असेल तर एक ठिणगी पुरेशी ठरते. या अपघातांनंतर झालेल्या संशोधनातून दोन गोष्टी रूढ झाल्या. टाकीत निष्क्रिय वायू भरून ऑक्सिजनचे प्रमाण ८ टक्क्यांपेक्षा कमी ठेवणे, ही पहिली. कच्च्या तेलाच्या टाक्या पाण्याऐवजी त्याच तेलाच्या झोताने धुणे, ही दुसरी. सागरी प्रदूषण रोखण्यासाठीच्या ‘मार्पोल’ करारात १९७८ च्या संलेखाने या पद्धतीला स्थान मिळाले. तेलाने तेल धुण्यामुळे समुद्रात सोडले जाणारे तेलकट पाणीही घटले, हा आनुषंगिक लाभ.

सांडपाण्याची टाकी

सांडपाण्याच्या बंद टाकीत ऑक्सिजनअभावी हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा सुमारे १.२ पट जड असल्याने तळाशी साचतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास अत्यल्प प्रमाणातही येतो; परंतु दशलक्ष भागांत सुमारे १०० भाग इतके प्रमाण झाले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येणेच बंद होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असा समज प्राणघातक ठरतो. प्रमाण ५०० ते ७०० भागांवर गेल्यास माणूस काही मिनिटांत कोसळतो. पहिल्याला वाचवण्यासाठी दुसरा आणि त्याच्यासाठी तिसरा उतरतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात बंदिस्त जागेतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक व्यक्ती बचावासाठी गेलेल्या होत्या, असे नमूद केले होते.

फवारा-रचनाकाराने येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. शांत पडलेल्या गाळात वायू विरघळलेला आणि अडकलेला असतो. त्यावर झोत मारताच तो एकदम मोकळा होतो. म्हणजे उच्च दाबाची नळी हातात देऊन कामगाराला टाकीत उतरवणे हे साध्या फावड्यानिशी उतरवण्यापेक्षाही घातक ठरू शकते. यंत्र वापरले म्हणजे काम सुरक्षित झाले, असे नव्हे. यंत्र आत आणि माणूस बाहेर असेल तरच ते सुरक्षित.

आता एक नमुना घेऊ. टाकी ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर खोल. छताच्या मधोमध एकच मॅनहोल. मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे आडवे अंतर २.५ मीटर. छताच्या पातळीवरून झोत सोडला तर तळाच्या कोपऱ्यापर्यंत त्याला ३.९ मीटर जावे लागते. तोच फवारा दांड्याच्या साहाय्याने १.५ मीटर खाली उतरवला तर हे अंतर २.९ मीटर होते. लांबीच्या दोन्ही अर्ध्या भागांच्या मध्यावर एक-एक लहान द्वार ठेवले, तर ते २.३ मीटरवर येते. गाळ नेमका कोपऱ्यातच घट्ट बसतो, त्यामुळे झोताला जावे लागणारे अंतर दीड मीटरने कमी होणे हा मोठाच लाभ आहे.

पाण्याचा विचारही डेअरीहून वेगळा करावा लागतो. डेअरीत तेच द्रावण पुन्हा पुन्हा फिरवता येते. येथे फवारलेला प्रत्येक लिटर टँकरने उपसावा लागतो. मिनिटाला २३५ लिटर दराने २० मिनिटे फवारल्यास ४,७०० लिटर होतात. ६० लिटर दराने १,२००. म्हणून येथे उच्च दाब आणि कमी प्रवाह श्रेयस्कर. मात्र दाबालाही मर्यादा आहे. पाण्याच्या पातळीच्या वर हायड्रोजन सल्फाइडपासून जिवाणू सल्फ्युरिक आम्ल बनवतात आणि काँक्रीटचा थर ठिसूळ होतो. अवाजवी दाब तो थरच सोलून काढतो. शिवाय १०० बार आणि मिनिटाला ६० लिटर या स्थितीत नळीला मागे १४ किलोग्रॅम वजनाइतका धक्का बसतो. मॅनहोलच्या काठावर उभ्या असलेल्या कामगाराचा तोल जाण्यास तो पुरेसा आहे. फवारा हातात न धरता तिवईवर घट्ट बसवावा, द्वाराभोवती झाकण घालून तुषार बाहेर येऊ देऊ नयेत आणि आतील हवा यांत्रिक पंख्याने सतत बदलत ठेवावी.

गाळ दगडासारखा घट्ट झालेला असेल तर निव्वळ झोत पुरत नाही. सेप्टिक टाक्यांसाठी मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘होमोसेप’ हे यंत्र २०२२ मध्ये तामिळनाडूत वापरात आणले गेले. त्याचा दांडा अरुंद तोंडातून आत जातो आणि आत गेल्यावर त्याची पाती उलट्या छत्रीसारखी उघडतात. गाळ ढवळून एकजीव केला जातो आणि मग शोषून घेतला जातो. तोंड लहान आणि पोट मोठे, ही आपल्याकडील टाक्यांची मूळ अडचण या रचनेने नेमकी हेरली आहे.

कायद्याची चौकट

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये घातक वायूची शक्यता असलेल्या टाकीत शिरण्यापूर्वीच्या अटी घातलेल्या होत्या : पुरेशा आकाराचे मॅनहोल, वायू काढून टाकण्याचे सर्व व्यवहार्य उपाय, आणि त्यानंतर सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र किंवा श्वसनयंत्र व बाहेर धरलेल्या दोराला जोडलेला पट्टा. कलम ३६-अ नुसार आत नेण्याच्या विजेच्या दिव्याला २४ व्होल्टची मर्यादा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे.

निवासी संकुल हा मात्र कारखाना नव्हे. तेथे लागू होतो तो हाताने मैला उचलणाऱ्या सफाई कामगारांच्या सेवायोजनास मनाई व पुनर्वसनाचा २०१३ चा अधिनियम. तो ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. त्याच्या कलम ७ ने गटार व सेप्टिक टाकीच्या ‘धोकादायक स्वच्छते’साठी माणूस नेमण्यास मनाई केली. पहिल्या गुन्ह्यास २ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तथापि, संरक्षक साधने आणि सुरक्षेची खबरदारी यांशिवाय करवून घेतलेली स्वच्छता, अशी ‘धोकादायक स्वच्छते’ची व्याख्या असल्यामुळे साधने दिल्याचे सांगून माणूस उतरवण्याची वाट काहीशी मोकळी राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलन प्रकरणात मृतांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये भरपाई ठरवली. गोवंडी येथे डिसेंबर २०१९ मध्ये एका सोसायटीच्या टाकीत मरण पावलेल्या तीन कामगारांच्या पत्नींना मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याच आधारावर दिलासा दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंग प्रकरणात भरपाईची रक्कम ३० लाख रुपये झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टाकीने पाच जणांचा बळी घेतला होता. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात गटारे व सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईत ३७७ व्यक्ती मरण पावल्या. केंद्र शासनाची ‘नमस्ते’ ही योजना २०२३-२४ पासून राबवली जात असून सामाजिक न्याय आणि गृहनिर्माण व नगरविकास ही दोन मंत्रालये तिच्यात सहभागी आहेत. सफाई कामगारांची नोंदणी, संरक्षक साधने, आरोग्य विमा आणि यांत्रिक वाहनांसाठी भांडवली अनुदान हे तिचे प्रमुख भाग आहेत.

यंत्रासाठी अनुदान मिळाले तरी ते यंत्र टाकीत शिरणार कोठून, हा प्रश्न उरतोच. सेप्टिक टाकीच्या उभारणीसाठी भारतीय मानक २४७० किमान रुंदी ७५ सेंटिमीटर आणि किमान क्षमता १,००० लिटर सांगते. इतक्या अरुंद टाकीत माणूस वाकूही शकत नाही, दांड्यावरचा फवारा मात्र सहज फिरतो. बांधून झालेल्या टाकीच्या छताला नंतर भोक पाडणे हे खर्चिक तर आहेच; आत मिथेन असेल तर यंत्राच्या ठिणगीमुळे ते धोकादायकही ठरते, आणि त्यासाठी टाकी आधी रिकामी करून हवेशीर करावी लागते. नव्या बांधकामात याला लागतात ते छताच्या सळ्या बांधताना ठेवायचे १५० मिलिमीटर व्यासाच्या नळीचे दोन तुकडे आणि त्यांची झाकणे, तळाला उतार, शोषण-नळीखाली एक लहान खड्डा आणि टँकर उभा राहील इतकी मोकळी जागा. हे सर्व स्लॅब ओतण्यापूर्वीच्या नकाशावर असावे लागते.